नऊ खलाशी, आठ चेहरे

माझा स्वतःचा स्टुडिओ कधीच नव्हता. गिरगावातल्या एका स्टुडिओत मी पाच वर्षं हाताखाली होतो. आधी काचेच्या प्लेटा धुतल्या, मग निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून लोकांच्या तोंडावरचे देवीचे वण घालवायला शिकलो. मालकाने धंदा बंद केला तेव्हा त्याचा जुना लाकडी कॅमेरा घेऊन मी बोळिंजला घरी आलो. वडिलांची केळीची वाडी होती. त्यांना वाटलं, पोरगा आता पाण्याची पाळी सांभाळेल. मी मात्र सायकलला कॅमेरा बांधून वसईपासून अर्नाळ्यापर्यंत हिंडायला लागलो. लग्नं, मुंजी, शाळांचे ग्रुप, चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनला पांढऱ्या झग्यात उभ्या राहणाऱ्या पोरी, जे मिळेल ते.

घरातली भाताची कोठी मी अंधारी खोली केली. वीज नव्हती. कंदिलाला लाल काच, विहिरीचं पाणी, आणि फोटो मोठा करायचा असला की खिडकीच्या फळीला भोक पाडून त्यातून आत घेतलेला दिवसाचा उजेड. ढग आले की काम थांबायचं.

तेव्हा मला माझ्या कामाचा फार अभिमान होता. काळ्या कपड्याखाली डोकं घातलं की मागच्या काचेवर सगळं उलटं दिसतं, माणसं डोक्यावर उभी. मी त्यात रेषा बघायचो. कुठला माणूस उंच, कुठला बुटका, मांडणी कशी बसते, उजेड कुठून येतो. माणूस कोण आहे याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. चांगल्या फोटोग्राफरने असंच बघायचं असतं, असं मी मानत होतो.

स्वातंत्र्य मिळून वर्षभर झालं असेल. अर्नाळ्याच्या एका नाखव्याने नवी होडी बांधली आणि ती पाण्यात लोटायच्या दिवशी मला बोलावलं. होडीला हळदीकुंकू लावलं होतं, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, झेंडूच्या माळा आणि वर निशाण. नाखवा म्हातारा होता, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. त्याचा धाकटा मुलगा नवी होडी घेऊन जाणार होता आणि त्याच्यासोबत आठजण. ते नऊजण मी होडीपुढे ओळीने उभे केले.

नाखवा म्हणाला, "मास्तर, होडी पुरी येऊ दे. नाळेपासून सुकानापरेंत. मानसं काय, रोज दिसतात."

मलाही तेच हवं होतं. मी कॅमेरा इतका मागे नेला की होडी काठोकाठ बसली आणि माणसांची तोंडं मोहरीएवढी झाली. भिंगावरचं झाकण काढून दोन आकडे मोजायचे होते. मी ओरडलो, "कुणी हलू नका!" पहिली प्लेट घेतली. त्या वेळी सुकाणूशेजारचा एकजण हलला, हे माझ्या लक्षात आलं आणि मी मनातल्या मनात त्याला शिवी दिली. मग दुसरी प्लेट घेतली. घरी येऊन धुतल्यावर दिसलं की दुसऱ्या प्लेटमध्ये वाऱ्याने निशाण फडफडलंय आणि नुसता पांढरा फराटा आलाय. होडी पहिल्याच प्लेटमध्ये सुंदर होती. एका टोकाच्या माणसाचं डोकं पुसट, तर असू दे. दुसरी प्लेट मी सोड्याच्या गरम पाण्यात घालून खरवडली आणि ती काच एका लग्नाच्या फोटोच्या चौकटीला वापरली. काच महाग होती, सगळेच असं करत.

दिवाळीनंतर वादळ झालं. आमच्या वाडीतल्या केळी आडव्या झाल्या, घरावरची कौलं गेली. अर्नाळ्याच्या बाकीच्या होड्या कशाबशा परतल्या, ती नवी होडी परतली नाही. आठवड्याभराने केळव्याच्या बाजूला दोन फळ्या आणि एक वल्हं लागलं. माणूस एकही मिळाला नाही, जिवंत नाही आणि मेलेलाही नाही.

मी भेटायला गेलो ते चुकलंच. वाळूत माझी सायकल दिसताच एक बाई घरातून बाहेर आली आणि म्हणाली, "हाच तो. ह्यानंच नऊजनांचं आयुष्य काचंत वढून घेतलं." दोन-चार बायका जमल्या. कुणीतरी वाळूची मूठ फेकली. मी सायकल वळवली. फोटोने आयुष्य कमी होतं ही समजूत मी गावोगावी ऐकली होती आणि हसण्यावारी नेली होती. त्या दिवशी हसू आलं नाही. आगाशीच्या तळ्यापाशी बसून मी तोंडातली वाळू धुतली.

दीड-दोन महिने मी त्या बाजूला फिरकलो नाही. मग एका सकाळी नाखवा स्वतःच बोळिंजला आला, पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून चालत. त्याने धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला तो फोटो काढून माझ्या ओट्यावर ठेवला.

"मास्तर," तो म्हणाला, "हितली होडी काढून टाक. मानसं मोठी कर."

"सगळी?"

"नऊच्या नऊ. प्रेतं नाय भेटली. बायका कुनापुढं दिवा लावतील? कुनाच्याच घरात फोटू नाय. हा येकच."

मी हो म्हटलं. सात दिवस स्वच्छ ऊन होतं. खिडकीतून उजेड घेऊन मी एकेका माणसाचं डोकं भिंतीवर टाकायचो. मोहरीएवढा चेहरा तळहाताएवढा करायचा म्हणजे त्यात चेहरा उरत नाही, नुसती रवाळ करडी पूड दिसते. जरा लांब गेलं की त्या पुडीतून भुवया दिसतात, नाक दिसतं. मी कोठीत मागे सरकून, डोळे बारीक करून बघायचो आणि पहिल्यांदाच विचारायचो, हा कोण? त्यातल्या एकालाही मी ओळखत नव्हतो. अर्धा दिवस ही माणसं माझ्यासमोर उभी होती, त्यांनी मला चहा दिला होता, माझा स्टँड उचलून वाळूतून आणला होता. मला होडीची नाळ आठवत होती.

सहाजण बरे आले. नाखव्याचा मुलगा तर चांगलाच आला. एकजण अंधुक, पण ओळखू येण्यासारखा. सुकाणूजवळ दोघे होते. एकाच्या कपाळावर टॉवेलची सावली होती, नाक-हनुवटी दिसत होती. दुसरा तोच, हललेला. त्याच्या खांद्यांवर नुसता धूर होता.

मला खरवडलेली प्लेट आठवली. तिच्यात तो स्थिर उभा होता की नव्हता? मला सांगता येईना. निशाण बिघडलं एवढंच मी बघितलं होतं.

नऊ फोटो घेऊन मी अर्नाळ्याला गेलो. नाखव्याच्या पडवीत बायका जमल्या होत्या. मी फोटो चटईवर मांडले आणि एकेकीने येऊन आपापलं माणूस उचललं. कुणी मोठ्याने रडलं नाही. एकीने फोटो उचलून पदराने पुसला आणि परत पुसला, जणू त्याच्यावरची ती पूड निघेल.

शेवटी दोन फोटो राहिले आणि दोन बायका. एक साठीची विधवा, तिचा एकुलता एक मुलगा गेला होता, लग्न न झालेला. दुसरी सतरा-अठरा वर्षांची. तिचं लग्न होऊन चार महिने झाले होते. नवरा तलासरीकडून पोटासाठी आलेला, त्याचं गावात कुणी नव्हतं. ती स्वतः पाचूबंदरची. दोघींनी एकाच फोटोला हात घातला, टॉवेलवाल्याच्या.

"माजा पोर हाय तो," म्हातारी म्हणाली.

मुलगी म्हणाली, "नाय, हे आमचे हायत." तिचा आवाज इतका बारीक होता की ते मागे बसलेल्यांना ऐकूही गेलं नसेल.

लोक वाकून बघायला लागले. कुणी म्हणे हा म्हातारीचाच, कुणी म्हणे नाही, हा दुसरा. दोघे एका वयाचे, एका बांध्याचे, दोघांच्या डोक्याला टॉवेल. नाखव्याने फोटो डोळ्यांशी नेला आणि परत ठेवला. मग तो माझ्याकडे वळला.

"मास्तर, तू काचंतून बगितलंस. तू सांग कोन हाय."

पडवीतले सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मला माहीत नाही."

"आसं कसं? तूच हुबं केलं त्यास्नी."

"उभं केलं. बघितलं नाही."

मुलीने हात मागे घेतला नव्हता. तिच्या शेजारची बाई म्हणाली, "अगं, तुज्या नवऱ्याचं तोंड तुला ठावं नाय काय?" त्यावर ती मुलगी खाली मान घालून म्हणाली, "पहाटे अंधारात जायाचे, अंधारात यायाचे. मी कवा नीट बगितलं?"

त्यानंतर कुणी वाद घातला नाही. नाखव्याने सांगितलं, ह्याच्या दोन प्रती कर, दोघींना दे. मी केल्या. नववा फोटो मी परत आणला आणि कोऱ्या कागदांच्या खोक्यात ठेवला.

पुढच्या दोन वर्षांत माझं काम बदललं, पण ते ठरवून नव्हे. ग्रुप काढताना मी कॅमेरा पुढे न्यायला लागलो. शाळेचे मास्तर तक्रार करायचे की इमारत अर्धी कापली गेली. एका वहीत मी ओळीने नावं लिहून घ्यायचो, डावीकडून उजवीकडे. उमेळ्याला एका लग्नात एका म्हाताऱ्याने विचारलं, "पोलिसात आहेस काय?" वेळ जास्त लागायचा, लोक कंटाळायचे, काही गिऱ्हाइकं तुटली. वडील म्हणायचे, अजूनही वाडीत ये. मीही दोनदा कॅमेरा विकायला काढला होता.

अशाच एका उन्हाळ्यात ती म्हातारी मासळीची टोपली घेऊन आमच्या ओट्यावर आली. टोपलीत मासळीवर पानं, पानांवर कागदात गुंडाळलेला फोटो. तिने तो माझ्यापुढे ठेवला. टॉवेलवाला.

"ही त्या पोरीची प्रत," ती म्हणाली. "तिनं पाट लावला, नव्या नवऱ्याच्या गावी गेली. जाताना माज्याकडं देऊन गेली. म्हनाली, आई, तुमचा पोर तुमच्याकडं ऱ्हाऊ दे. आता माज्या घरात दोन झाले. येक तू ठेव."

मी पाणी दिलं. ती प्याली आणि भांडं हातातच धरून बसली.

"तो माजा नाय," ती म्हणाली.

"कोण?"

"हा. तिचाच नवरा हाय. मला पहिल्या दिसापासून ठावं हाय."

मला राग आला की काय झालं, सांगता येत नाही. मी म्हणालो, "मग मावशी, तेव्हा का बोलला नाहीत? ती पोर—"

"बोलली असती तर माज्या हातात काय आलं असतं?" ती म्हणाली. "धूर."

मग तिने सांगितलं. होडी लोटायच्या दिवशी ती सुकाणूच्या अंगाला उभी होती, बायकांमध्ये. मुलाच्या डोक्यावरचा टॉवेल सुटत होता. फोटोत नीट दिसावा म्हणून तिने हाक मारली, "टावेल बग रं." त्याने तिच्याकडे मान वळवली.

"तू वरडलास, हलू नका. पन मी वरडली त्याच्या आधी का नंतर, ते आता आठवत नाय."

मी आत गेलो आणि खोक्यातून नववा फोटो आणला. तिने तो गुडघ्यावर ठेवला. बराच वेळ ती बोट त्या पुसट जागेवरून डावीकडून उजवीकडे नेत राहिली, ज्या बाजूला ती स्वतः उभी होती तिकडे. खरवडलेल्या प्लेटची गोष्ट मी तिला त्याच वेळी सांगायला हवी होती. ओठांवर आली होती. मी सांगितली नाही, आणि पुढेही कधी सांगितली नाही.

"हा नेऊ?" तिने विचारलं.

"न्या."

"भितीला नाय लावनार. पेटीत ठेवीन."

ती उठायला लागली तेव्हा मी तिला थांबवलं आणि म्हणालो, मावशी, तुमचा एक काढू द्या. ती म्हणाली, माजा कशाला, मला कोन वळखाया येनार हाय. पण ऊन कडक होतं आणि पाय भाजत होते, म्हणून ती फणसाच्या सावलीत बसली. मी कॅमेरा चार हातांवर लावला. काळ्या कपड्याखालून तिचा उलटा चेहरा मी इतका वेळ बघितला की तिने दोनदा विचारलं, झालं काय? गालावरचा तीळ, एका डोळ्याची खाली आलेली पापणी, नाकातल्या फुलीचं रुंद झालेलं भोक. मग कपड्याबाहेर येऊन मी सुलटा बघितला. पेन्सिल मी त्या निगेटिव्हला लावली नाही.

आज लोक माझे म्हणून जे फोटो ओळखतात, त्यांतला तो पहिला. मुंबईच्या एका मासिकाने तो छापला आणि खाली लिहिलं, 'कष्टाळू कोळीण'. मी पत्र लिहिलं की ती अमक्याची आई आहे, निदान पुढच्या अंकात तसं छापा. उत्तर आलं की वाचकांना त्यात स्वारस्य नसतं. तो अंक मी तिला दाखवायला नेला नाही. नुसती एक प्रत नेऊन दिली.

अर्नाळा ते पाचूबंदर, किनाऱ्यावरच्या खलाशांचे एकेकट्याने फोटो काढायचे असं मी मनात घेतलं होतं. बहुतेकांनी नकार दिला. त्या होडीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, आणि बायका मला बघून दारं लावून घेत. पाच-सहा वर्षांत जेमतेम चाळीसजण तयार झाले. त्यांतले तिघे पुढे समुद्रातून परतले नाहीत आणि त्यांच्या घरून माणूस आलं, फोटो मोठा करून द्या म्हणून. मोठा करताना ते चेहरे टिकले. घेऊन जाणाऱ्यांपैकी एकानेही तो चांगला आलाय असं म्हटलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही.