सगळी पाटी केवढ्याले?

मेहकरच्या बाजारात शोभाकाकू कधी किलोचा भाव विचारत नसत. वांग्यांच्या पाटीकडे बोट करून म्हणत, "सगळी पाटी केवढ्याले?" भाजीवाली मोठ्या आशेनं आकडा सांगे आणि काकू शांतपणे पावशेर वांगी घेत. मागं पिशवी धरून उभ्या असलेल्या मला मेल्याहून मेल्यासारखं होई. काकू आमच्या शेजारी राहत, कॉलेजात वाणिज्य शिकवून निवृत्त झाल्या होत्या. "घेनं नसन तरी इचारावं," त्या म्हणत. "पावशेर कशातून घेऊन राह्यलो, ते तर समजते."

दुसऱ्याच्या मेडिकलात नोकरी करून मी स्वतःच्या दुकानापुरते पैसे जमवले होते. तेवढ्यात मावसभावानं एका शेअरची खबर दिली. म्हणे, वर्षात तिप्पट होतो. सगळे पैसे त्यात घालायचं ठरवून मी पेढे वाटायच्या थाटात काकूंकडे गेलो.

"पाटी केवढ्याची?" सगळं ऐकून त्यांनी विचारलं.

"पाच रुपयाचा शेअर हाये, काकू. मायक्रोकॅप म्हनतात त्याले."

"पाच रुपये हा पावशेराचा भाव झाला. स्वस्त शेअर मोठ्या कंपनीचाबी असते. एकून शेअर किती, त्यानं भावाले गुन, मंग कंपनी केवढी ते समजन."

मी गुणलं. कंपनी खरंच चिमुकली निघाली. काकूंनी समजावलं, की बाजारातल्या कंपन्या आकारानं रांगेत उभ्या केल्या तर पहिल्या शंभर मोठ्या, पुढच्या दीडशे मधल्या, बाकी साऱ्या लहान. त्यातही पाचशेच्या पलीकडच्यांना सहसा मायक्रोकॅप म्हणतात; पक्की रेघ मात्र नाही, कोणी इथं ओढतं, कोणी तिथं.

"अन् तिथं गिऱ्हाईक कमी. घेनं सोपं हाये. एका साडीच्या पैशाचे घे अन् इकून दाखव. मंग बाकीचे टाक."

मी तेवढेच घेतले. आधी भाव चढला, तेव्हा मी काकूंवर मनातून चिडलो. मग तो रोज पडू लागला. रोज विकायला लावायचो, घेणारा एक नाही. मावसभाऊ फोन उचलेना. काकूंनी एकदाही टोमणा मारला नाही. चहा पुढं करून म्हणाल्या, "साऱ्याच लहान कंपन्या खराब नसतात, बाप्पा. माह्यापाशीबी एक हाये, लय वर्षं झाले. पन ते पैसे कामाचे नव्हते. तुहे दुकानाचे हायेत."

दुकान झालं. उद्घाटनाला काकू सगळ्यांत आधी आल्या. कपाटांवरून नजर फिरवून म्हणाल्या, "सगळं दुकान केवढ्याले?"

मी त्यांच्या पाया पडलो. "तुमच्यामुळं हाये हे, काकू."

"ते मले मालूम हाये. भाव सांग."

मी हिशोब करून आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली, बामची एक डबी घेतली आणि पुरे पैसे दिले. पुढं दर पाडव्याला हेच चाले.

यंदा काकू नाहीत. पाडव्याला मी तरीही आकडा काढला आणि बायकोला सांगितला.

"काऊन, इकाचं हाये का?" ती म्हणाली.

"नाही," मी म्हणालो. "पन इचारावं."