लपवलेला लाल खडू

शिक्षक घडवणाऱ्या त्या विद्यालयात बाईंना पोरं पाठीमागे ‘कशालाबाई’ म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. कुणी पाठाची तयारी घेऊन आलं, की बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, “हे कशाला?” तास संपल्यावर मुलांना नेमकं काय यायला हवं, हे न ठरवताच वर्गात शिरणाऱ्यांची त्यांना मनस्वी चीड होती.

वर्गात सगळ्यांत थोरली ती मावशी. औषधांच्या दुकानात उमेदीची वर्षं काढून, मुलगी मार्गी लागल्यावर ती शिक्षिका व्हायला आली होती. परीक्षेच्या पाठात ती दोनदा नापास झाली होती, आणि तिसरी संधी शेवटची होती. ती हुकली की पुन्हा दुकानाचा काउंटर. पहिल्या वेळी बाई म्हणाल्या होत्या, “अजून जीव ओतायला हवा.” दुसऱ्या वेळी बिचारी घसा बसेपर्यंत शिकवत राहिली. बाईंनी पुन्हा तेच सांगितलं.

त्या दिवशी बाईंनी खेळ मांडला. मावशीला वर्गाबाहेर पाठवून एक लाल खडू खिडकीच्या पडद्यामागे लपवला आणि तिला आत बोलावून एवढंच सांगितलं, “शोधा.” काय शोधायचं, ते नाही. मावशीने टेबलाचे खण उपसले, फळ्यामागे हात घातला, बाकांखाली वाकून पाहिलं. डस्टर उचलून दाखवला, कुणाची तरी हरवलेली टोपी दाखवली. प्रत्येक वेळी वर्ग हसून माना हलवी, आणि बाई म्हणत, “अजून मन लावून.” शेवटी तिचा जीव मेटाकुटीला आल्यावर बाईंनी सांगितलं, की लाल खडू शोधा, खिडकीपाशी आहे. तो तिला लगेच सापडला.

बाई खुशीत वर्गाकडे वळल्या. उद्दिष्ट न सांगता शिकवलं की मुलांची अशीच फरफट होते, हे त्या समजावू लागल्या. खडू हातात धरून मावशी तिथंच उभी होती.

“बाई, राग मानू नका,” ती हळूच म्हणाली. “मी दोन्ही वेळा अशीच शोधत होते. तुम्ही जीव ओता म्हणालात, मी ओतला. पण तुम्ही पाठात काय बघता, ते मला अजून माहीत नाही.”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! इतकी वर्षं दुसऱ्यांना ‘कशाला’ विचारणाऱ्या बाईंना आपल्या शेऱ्यांबद्दल हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. त्यांना मनापासून लाज वाटली. त्या खुर्चीवर बसल्या, चष्मा पुसला, पुन्हा लावला.

“मी एकच बघते,” त्या म्हणाल्या. “तास संपला, की शेवटच्या बाकावरच्या मुलाला मी एक काम करायला सांगणार. त्याला ते आलं, की तुम्ही पास. काम कोणतं, ते तुम्ही मला आधी सांगायचं. आणि मुलांनाही. हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.”

पाठाच्या दिवशी शाळेतल्या मुलांसमोर मावशी ना ओरडली, ना तिने हातवारे केले. सुरुवातीलाच तिने मुलांना सांगितलं, की घंटा होईपर्यंत प्रत्येकाला औषधाचं पाच मिलीलिटर माप बरोबर मोजता येईल. मग बाटल्यांची रेघा असलेली टोपणं वाटली, रंगीत पाणी दिलं, आणि नजर रेघेच्या बरोबरीला कशी आणायची ते दाखवलं. हे काम तिच्या हाताखालून हजारदा गेलेलं होतं, पण ते शिकवायचं असतं हे तिला आत्ता कुठं उमगलं होतं.

घंटा झाल्यावर बाईंनी शेवटच्या बाकावरच्या मुलीला पाच मिलीलिटर मोजायला सांगितलं. टोपण टेबलावर ठेवून ती वाकली, डोळा रेघेशी नेला, पाणी ओतलं. जास्त झालेला थेंब तिने स्वतःहून काढून टाकला.

‘छान, जीव ओतलात,’ असं सवयीने बाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

“मुलीला माप मोजता आलं,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या बाकावरच्या. तुम्ही पास.”

मावशी मुलांच्या छोट्या बाकावर मटकन बसली आणि रडू लागली.