वहिनीच्या चुलीपाशी पंपाचा दांडा

कापसाच्या त्या वाईट वर्षांबद्दल कोणी विचारलं की मी मान खाली घालतो आणि म्हणतो, "लई वाईट दिवस होते." होतेच. बोंडं आतून पोखरलेली निघायची, बाजारातून माणसं गप्प परतायची, आमच्या गल्लीत मोठ्यानं हसायची चोरी झाली होती. पण त्यातलाच एक पावसाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा होता, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पन्नाशी ओलांडली. आता हे लपवायचाही कंटाळा आला आहे.

महागावजवळच्या आमच्या गावात घराला लागूनच माझं वेल्डिंगचं दुकान होतं. शेती थोरला भाऊ, दादा, पाहायचा. वहिनी या घरात आली तेव्हा मी शेंबडा पोरगा होतो, म्हणून ती मला भाऊजी न म्हणता बाबूच म्हणत आली. त्या पावसाळ्याआधीच्या उन्हाळ्यात तिला लकवा मारला. पाय बराच सुधारला, थोडा ओढत चालायची. उजवा हात मात्र कोणीतरी मांडीवर ठेवून विसरून गेल्यासारखा पडून राहायचा. स्वयंपाक माझ्या बायकोनं घेतला. आम्ही सगळे वहिनीला "आता आराम कर" म्हणायचो आणि आपण तिचं भलं करतोय असं समजायचो.

एका दुपारी उमरखेडकडून तिची माहेरची मैत्रीण आली. माझी बायको तण निंदायला वावरात गेलेली. वहिनीनं चुलीवर गंज, म्हणजे चहाचं पातेलं, ठेवला, पाणी उकळलं, पण पुढं गाडी अडली. एका हातानं सांडशीत गंज धरायचा की गाळणी? मैत्रीण उठली, डबे उघडून साखर शोधली, चहा गाळला आणि पहिला कप वहिनीच्याच हातात दिला.

संध्याकाळी मी घरात शिरलो तर वहिनी चुलीपाशी तशीच बसलेली.

"आपल्याच घरात मले पाहुणी करून गेली, बाबू," ती म्हणाली. "मले आराम नाही पाह्यजे. आल्यागेल्याले माह्या हातचा चहा देता आला पाह्यजे. तेवढं कर."

मला वाटलं, हे तर सोपं आहे. जुन्या बेअरिंगवर सळई उभी केली, वर गाळणीसाठी रिंग जोडली. दुकानात पाणी ओतून पाहिलं, थेंब सांडला नाही. वहिनीनं करून पाहिलं तेव्हा गंज सांडशीतच गरकन फिरला आणि सगळा चहा चुलीत गेला. राखेचा लोट उठला.

"तुह्या स्टँडची काही चूक नाही," ती पदरानं तोंड पुसत म्हणाली. "त्यानं गाळणी धरली. गंज कोण धरल, तुहा बाप?"

मी तिच्या कामाची परीक्षा माझ्या दोन हातांनी घेतली होती. दुसऱ्या दिवशी बायकोला सांगून मी माझा उजवा हात दुपट्ट्यानं कमरेला घट्ट बांधून घेतला आणि चहा करायला बसलो. बायको हसून हसून भिंतीला टेकली. वहिनी मात्र न हसता मला शिकवत होती: कापसाची वाळकी पऱ्हाटी आधी पायाखाली मोड, मग चुलीत सार; डब्याचं झाकण गुडघ्यात धरून उघड. तिनं एका हाताच्या इतक्या युक्त्या काढून ठेवल्या होत्या, आणि आम्ही तिला आराम करायला सांगत होतो. गाळायच्या वेळी मात्र माझाही गंज फिरला. तेव्हा कळलं की गंज उचलायचाच नाही. तो जागेवरूनच कलता झाला पाहिजे.

पुढची युक्ती दुकानात चालत आली. मुरूम टाकणारी एक ट्रॉली वेल्डिंगला आली होती. ती कलती होताना पाहिली आणि मी हातातलं काम टाकून घरात पळालो.

"वहिनी, तुले डंपर करून देतो."

"दे. पण सगळं जमल्याशिवाय कोणाले दाखवाचं नाही. पाहुण्यापुढं सांडलं तं इज्जत जाईन."

म्हणून दुकानाच्या मागच्या टिनाखाली आम्ही एक वेगळी चूल मांडली. लोखंडी पट्टीचा पाळणा केला, त्यात गंज बसवला, खाली किटली, किटलीच्या तोंडात गाळणी. दांडा दाबला की पाळणा कलणार. पहिल्यांदा सगळं पाणी एकदमच माझ्या पायावर आलं. धार पुढं पळत होती, म्हणून पाळणा ज्या खिळीवर कलायचा ती गंजाच्या ओठाजवळ घेतली. मग धार एका जागी पडू लागली. पण सळईचा दांडा चुलीजवळ असा तापायचा की वहिनीला धरवेना. कापड गुंडाळलं तर ते जळालं.

त्याच वेळी दादाचा फवारणीचा पंप दुकानात दुरुस्तीला पडला होता. त्याच्या दांड्याला हवा तसा बाक होता, टोकाला रबरी मूठ होती. मी तो काढून पाळण्याला लावला. वहिनीच्या डाव्या हातात तो असा बसला, जणू तिच्याच मापानं केलेला.

"हे कुठून आणलं? कोणाचं काम तं नाही न अटकलं?" तिनं विचारलं.

"भंगारातला हाय," मी म्हणालो.

एक दिवस पाहून परत लावू, असं मनात होतं. पण मग वहिनी म्हणाली, थोडा आखूड कर. मग म्हणाली, इकडं वळव. रोज तिला काही नवं सुचायचं, रोज मी तोडायचो आणि जोडायचो. कधी चहा किटलीत कमी आणि आमच्या अंगावर जास्त यायचा. मी, वहिनी आणि माझी बायको, तिघं तिथं पोट धरून हसायचो आणि दादाची चाहूल लागली की डंपरवर पोतं टाकायचो.

"झाला का बे पंप?" दादा विचारायचा. "अळी पडून राह्यली."

"यवतमाळहून वायसर येऊन राह्यलं."

वायसर, पंपातली ती चकती, मी पहिल्याच दिवशी बसवलं होतं. पंपाला दुसरा दांडा करणं हे अर्ध्या तासाचं काम होतं. मी केलं नाही. विसरलो असंही नाही. दादा दिसला की मी वेल्डिंगची काच डोळ्यांपुढं धरायचो आणि तो वळला की मी पुन्हा डंपरकडं पळायचो. शेवटी त्यानं कोणाचा तरी पंप मागून आणला आणि उशिरा फवारणी केली. बरीचशी उभी पऱ्हाटी हातची गेली. त्यात अळीचा वाटा किती आणि माझा किती, कोणी सांगू शकणार नाही. मी माझा मोठाच धरतो.

दिवाळीनंतर डंपर घरातल्या चुलीपाशी बसवला. त्याच संध्याकाळी दादा आणि शेजारचे दोघं पहिल्या वेच्याचा कापूस महागावला विकून परतले आणि ओसरीवर न बोलता बसले. ते दोघं उठायला लागले तसा आतून वहिनीचा आवाज आला.

"बसा. चहा घेऊन जा."

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. मी दारात उभा होतो. मदतीला पुढं केलेला हात वहिनीनं मला मागं घ्यायला सांगितलं. चहा उकळला, तिनं दांडा दाबला, धार गाळणीतून किटलीत उतरली. बाहेर काही सांडलं नाही. मग पाय ओढत तिनं एकेक कप ओसरीवर नेला. मदतीला उठणाऱ्याकडं तिनं असं पाहिलं की तो परत बसला.

"हे कसं केलं व, वहिनी?" एकानं विचारलं.

दादा कप घेऊन आत पाहायला आला. दांड्यावर त्याची नजर गेली ती तिथंच राहिली.

"हा तं माह्या पंपाचा दांडा हाय."

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. "भंगारातला म्हणे न तू?"

मी चुलीपाशी जाऊन उभा राहिलो.

"काढ," ती म्हणाली. "आत्ता काढ. मले नाही पाह्यजे असा चहा."

मी पान्हा आणायला वळलो. दादानं विचारलं, "वायसर आलंच नव्हतं?"

"पहिल्याच दिवशी बसवलं होतं."

"मंग दांडा?"

"अर्ध्या तासाचं काम होतं, दादा. तेवढंही नाही केलं. मले इथं मजा येऊन राह्यली होती."

ओसरीवरच्यांनी कप खाली ठेवले. दादा चुलीपाशी उकिडवा बसला, दांडा हातात धरला आणि पाठीवर पंप असल्यासारखा एकदा खाली दाबला. पाळणा कलला, तळाशी राहिलेला घोटभर चहा किटलीत पडला.

"फवारणीचे दिवस तं गेले," तो म्हणाला. "पाहुणे रोज येतात. राहू दे हे."

"मी नाही वापरणार," वहिनी म्हणाली.

"नको वापरू. मले आधी अजून एक कप दे, मंग नको वापरू."

वहिनी हसली नाही. डाव्या हातानं पऱ्हाटी ओढली, पायाखाली मोडली, चुलीत सारली आणि बाहेरच्यांना विचारलं, "तुमीही घेता न?"