पेटी थांबवणाऱ्या बाई

यशोधरा वाघमारे बाईंची आणि माझी पहिली ओळख वर्गात झाली नाही, ती झाली गॅदरिंगच्या तालमीत. मी खेड्यातून कळंबच्या मुलींच्या शाळेत आठवीला नवीन आलेली, आणि नाटकात मला छळ सोसणाऱ्या सुनेचं काम मिळालेलं. सासू टाकून बोलायची, संगीताचे सर पेटीवर रडका सूर धरायचे आणि मी पदर तोंडाला लावून हुंदके द्यायचे. बघायला जमलेल्या मुलीही डोळे पुसायच्या, त्यामुळे मी स्वतःवर भलतीच खूश होते. त्या दिवशी मराठीच्या वाघमारे बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. थोडा वेळ त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "सर, पेटी थांबवा." पेटी थांबली. "हं, सुनंदा, आता रड."

मला रडता येईना. नुसताच पदर तोंडाला लावून मी उभी. बाईंनी विचारलं, "ही सून मुकी आहे का?"

"न्हाय बाई."

"मग ती बोलत का नाही?"

"नाटकात तसं लिहिलंय, बाई."

"मग आपण दुसरं लिहू," बाई म्हणाल्या आणि तिथंच खाली मांडी घालून बसल्या. त्या वर्षी आमच्या नाटकातली सून सासूला समोर बसवून बोलली. समोरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मुलींना काय शिकवता म्हणून एका पालकांनी दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचं दार ठोठावलं. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं. बाई गेल्या, शांतपणे सगळं ऐकून आल्या आणि तासाला नेहमीसारखी कविता शिकवायला लागल्या.

बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि या गौरवग्रंथासाठी मी लेख लिहावा असं समितीनं सांगितलं, याचा मला अभिमान आहे. पण हा लेख मी रागात लिहिते आहे, हेही आधीच सांगून टाकते. संपादकांनी भाषा सुधारावी, राग कापू नये.

रागाचं कारण असं. सत्काराच्या कार्यक्रमात दाखवायला समितीनं बाईंवर एक छोटी फिल्म करून घेतली. ती मला आधी बघायला मिळाली. तीत बाई खिडकीशी एकट्या बसलेल्या, मागं बासरी चाललेली, आणि एक जड आवाज सांगतो की आयुष्याच्या एका वळणावर कुणीतरी हात सोडून गेलं आणि ते दुःख उराशी कवटाळून बाईंनी विद्यार्थिनींनाच आपल्या लेकी मानलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोण गेलं हात सोडून? कधी? बाईंनी लग्न केलं नाही, कारण त्यांना करायचं नव्हतं. हे त्यांनी आईवडिलांना सांगितलं, त्यांनी ऐकलं, विषय संपला. भाऊ, भावजया, भाचरं यांनी सुट्टीत त्यांचं घर गजबजून जातं. मी फिल्म करणाऱ्या तरुणाला फोन करून विचारलं, ही गोष्ट कुठून आणलीस? तो अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, त्याशिवाय इमोशन येत नाही."

म्हणजे बाईमाणूस एकटं दिसलं की तिला कुणीतरी फसवलेलं असलंच पाहिजे. लग्न झालेली असली की सासूनं छळलेली असली पाहिजे. आणि पोरगी नाही म्हणाली की तिच्या मनात हो असलंच पाहिजे. आपल्या सिनेमांनी आणि मालिकांनी एवढे तीन साचे करून ठेवलेत आणि आपण जिवंत माणसं त्यात दाबून बसवतो. ज्या बाईंनी जन्मभर हे साचे मोडले, त्यांच्याच सत्काराला आपण त्यांना साच्यात घालून सजवणार, हे मला सहन होत नाही.

बाईंच्या स्वभावाबद्दलही लिहायला हवं. त्यांचं घर एसटी स्टँडपासून चालत जाण्याजोगं. गावाकडच्या मुलींची शेवटची गाडी चुकली की त्या सरळ बाईंच्या घरी जायच्या. पिठलं-भाकरी व्हायची, कुणाच्या तरी फोनवरून गावाकडं निरोप जायचा. एकदा माझा निरोप पोचलाच नाही आणि माझे वडील संतापून बाईंच्या दारात आले. बाईंनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "पाटील, लेक जेवलीय, अभ्यासाला बसलीय. तुम्ही पण जेवून घ्या." वडील जेवले. पुढं दरवर्षी आमच्या शेतातला हुरडा बाईंकडं जायचा आणि वडील तो स्वतः घेऊन जायचे.

निवृत्तीनंतर बाईंनी शनिवारचा टीव्ही सुरू केला. दुपारी गल्लीतल्या बायका त्यांच्याकडं जमायच्या, आठवड्यातला मालिकेचा एखादा भाग बघायच्या. रिमोट बाईंच्या हातात. सासू भुवई उडवून वळली आणि ढोल-झांजा कडाडल्या, की बाई आवाज बंद करायच्या. नुसतं चित्र राहायचं. दागिन्यांनी मढलेली एक बाई जिन्यात उभी राहून डोळे वटारतेय. बायका हसून लोळायच्या. शेजारच्या सरूबाई मात्र मालिका बघून स्वतःच्या सुनेवर डोळा ठेवायला लागल्या होत्या, कपाटाची किल्ली कमरेला लावून फिरायच्या. बाईंनी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "सरूबाई, तुमच्या सुनेनं आज काय काय केलं?" सरूबाई म्हणाल्या, "रानातून भाजी आणली, सैपाक केला, माझं गुडघं शेकून दिलं." बाई म्हणाल्या, "मग किल्ली कुणाच्या सुनेपासून लपवताय?" दुसऱ्या दिवसापासून किल्ली पुन्हा खिळ्याला दिसायला लागली.

हे हसण्यावारी नेण्यासारखं आहे असं कुणाला वाटेल. म्हणून आता माझ्या भाचीची गोष्ट लिहिते. तिची परवानगी घेतली आहे.

काही वर्षांपूर्वी रोहिणी आमच्या गावाहून एसटीनं कळंबच्या कॉलेजला यायची. एक मुलगा तिच्या मागं लागला. त्याचं नाव लिहीत नाही, त्याच्यापुरताच हा प्रश्न नाही. एसटीच्या मागं मोटारसायकल घालायची, कॉलेजच्या फाटकाशी उभं राहायचं. तिनं नाही सांगितलं, मैत्रिणींनी सांगितलं, तो हसून पुन्हा दुसऱ्या दिवशी हजर. मग एक दिवस स्टँडवर तो गुलाब घेऊन तिच्यापुढं गुडघ्यावर बसला. त्याच्या दोस्तांनी ते मोबाइलवर घेतलं, त्यावर एक प्रेमाचं गाणं चढवलं आणि सोडून दिलं. चार दिवसांत ते आमच्या गावातल्या प्रत्येक मोबाइलवर होतं.

आणि लोकांना ते आवडलं. माझा राग आहे तो इथं. त्या मुलापेक्षा जास्त मला त्या आवडण्याचा राग येतो. पारावरची माणसं म्हणाली, पोरगं खरं प्रेम करतंय. माझी स्वतःची वहिनी, रोहिणीची आई, मला म्हणाली, "लई जीव लावतंय गं ते. सिरियलीत असतंय तसं." मुलाच्या घरून निरोप आला. घर चांगलं, जात एक, मुलीचं नाव झालंच आहे तोंडातोंडी, तर सुपारी फोडून टाकू. दादाला, म्हणजे माझ्या भावाला, सुटका झाल्यासारखं वाटलं. कॉलेज बंद करायचं ठरलं. रोहिणीला कुणी विचारलं नाही. ती खाली मान घालून बसायची, तर म्हणायचे, लाजतीय.

रोहिणीनं मला फोन केला. तिला नीट बोलताही येत नव्हतं. मी शिकवते त्या शाळेतून थेट बाईंकडं गेले. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बैठक कधी आहे?"

रविवारी बाईंनी पायात चप्पल घातली आणि माझ्याबरोबर गावी निघाल्या. दुपारी बैठक बसली. ताटात नारळ, सुपारी, साडी. मुलाकडून त्याचा चुलता आलेला, मुलगा बाहेर गाडीजवळ. बाई माझ्याबरोबर आत येताच चुलत्याची नजर बदलली. "घरच्या गोष्टीत बाहेरचं माणूस कशाला?" तो म्हणाला. बाहेरचं या शब्दात काय काय भरलेलं होतं, ते आमच्या भागातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. बाई म्हणाल्या, "मुलगी माझ्या विद्यार्थिनीची भाची आहे. शिवाय त्या मोबाइलमुळे तुमची गोष्ट घरची कुठं राहिली?" आणि खुर्ची ओढून बसल्या.

चुलता सांगायला लागला, पोरगा किती झुरतोय, जेवण टाकलंय, पोरीशिवाय जगणार न्हाय म्हणतोय. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी सगळं ऐकलं. मग दादाकडं हात पुढं केला. "पाटील, तो व्हिडिओ तुमच्या मोबाइलवर असंल. लावा."

दादानं लावला. गाणं सुरू झालं. बाई म्हणाल्या, "आवाज बंद करा. आणि काय दिसतंय ते सांगा. प्रेम बिम सांगू नका, डोळ्याला दिसतंय तेवढंच सांगा. रानात उभं राहून सांगता तसं."

दादा मोबाइल जवळ धरून बघायला लागला. "पोरगा खाली बसलाय," तो म्हणाला. "फूल पुढं केलंय." थोडं थांबून म्हणाला, "रोहिणी मागं सरकतीय." मग त्याचा आवाज खाली आला. "मागं भिंत हाय. दोन्हीकडं पोरं आडवी हायेत. तिला निघता येईना." आम्ही सगळ्यांनी तो व्हिडिओ गाण्यासकट कितीदा तरी बघितला होता. गाण्यात तिचं मागं सरकणं लाजणं दिसत होतं. गाणं गेलं आणि एक घाबरलेली पोरगी राहिली, दप्तर छातीशी घट्ट धरलेली.

"तोंड हलतंय तिचं," दादा म्हणाला. "कायतरी म्हणतीय."

बाईंनी दाराआड उभ्या असलेल्या रोहिणीला बाहेर बोलावलं. "तू काय म्हणत होतीस, बाळ?"

रोहिणीनं मान वर केली. "गाडी लागलीय, मला जाऊ द्या, असं म्हणत होते," ती म्हणाली. "मला लग्न करायचं न्हाय. मला कॉलेजला जायचंय."

दादानं मोबाइल पालथा ठेवला, उठला आणि सुपारीचं ताट उचलून स्वतःच्या हातानं आत नेऊन ठेवलं. वहिनी पदर तोंडाला लावून रडायला लागली आणि या वेळी ते रडणं कुणालाही समजत होतं. चुलता खवळून उठला. "आणि आमच्या पोरानं काय करायचं?"

"त्याला जेवायला सांगा," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दादा स्वतः रोहिणीला स्टँडवर सोडायला गेला, आणि पुढं बरेच दिवस जात राहिला. त्या दोस्तांच्या घरी जाऊन त्यानं व्हिडिओही काढून टाकायला लावला. आज रोहिणी लातूरला नोकरी करते. पण त्या दिवशी बाई चप्पल घालून निघाल्या नसत्या, तर गाणं लावून आम्ही तिचं लग्न लावून दिलं असतं आणि अक्षता टाकताना डोळे पुसले असते. हे आठवलं की मला अजून तिडीक येते.

तर, त्या फिल्मकडं परत येते. मी ती घेऊन बाईंच्या घरी गेले. समितीला सांगून ही बंद पाडू, असं ठरवूनच गेले होते. बाईंनी चष्मा लावला आणि पूर्ण फिल्म बघितली, बासरी, जड आवाज, सगळ्यासकट. चेहऱ्यावर काही दिसेना. मग म्हणाल्या, "आता आवाज बंद करून लाव."

आवाज गेला. राहिल्या त्या बाई. कढीपत्त्याच्या झाडाला पाणी घालताहेत. शेजारच्या पोरीच्या वहीत काहीतरी दाखवताहेत. बशीत चहा ओतून फुंकर मारताहेत. खिडकीशी बसून बाहेरच्या कुणाशी तरी बोलताहेत आणि खळखळून हसताहेत. इतका वेळ मी ते हसू बघितलंच नव्हतं. बासरीखाली ते मलाही केविलवाणं वाटलं होतं.

"बघ," बाई म्हणाल्या, "बाई मजेत आहे."

मी विचारलं, मग फिल्मचं काय करू? "दाखवू दे की. पोरानं कष्ट घेतलेत," त्या म्हणाल्या. "फक्त पेटी थांबवा."

समितीला मी तसं कळवलं आहे आणि समितीनं मान्य केलं आहे. कार्यक्रमात फिल्म आवाजाविना लागेल आणि काय चाललंय ते बाई स्वतः माइकवरून सांगतील. आवाजाच्या टेबलाशी कोण बसणार, हा प्रश्न निघाला तेव्हा रोहिणीनं लातूरहून फोन करून सांगितलं की तिथं ती बसेल, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

बाई, तुमची तब्येत ठणठणीत राहो, गुडघे कुरकुर न करोत, कढीपत्ता बहरत राहो. तुम्ही शंभरी ओलांडा आणि तोवर रिमोट तुमच्याच हातात असू द्या. आमच्या घराघरांत अजून खूप गाणी वाजताहेत आणि खाली कुणीतरी म्हणतंय, गाडी लागलीय, मला जाऊ द्या.