फुली दिसतीया का?

पाण्याच्या बाबतीत आयुष्यात एकदाही खोटं न बोललेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझे थोरले साडू. माणसं वयाबद्दल खोटं बोलतात, दुखण्याबद्दल बोलतात, मुलांच्या मार्कांबद्दल तर बोलतातच. पण साडूंसमोर पाण्याचा पेला ठेवला की ते तो उजेडाकडे धरत, डावा डोळा मिटत आणि जे असेल ते सांगत. हे वाक्य मी त्यांच्या पंचाहत्तरीच्या समारंभात बोलायला म्हणून तयार केलं होतं. समारंभ झाला नाही, वाक्य माझ्याकडे राहिलं, आणि आता त्यात थोडी दुरुस्तीही करावी लागणार आहे. ती पुढे येईलच.

साडूंची सगळी नोकरी पाणी शुद्ध करण्यात गेली. नदीचं पाणी उपसून यायचं, त्यात तुरटी पडायची, गाळ खाली बसायचा, वरचं पाणी वाळूतून गाळून पुढे जायचं, आणि या सगळ्यावर नजर ठेवणाऱ्यांत साडू असत. निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली तरी ती नजर काही निवृत्त झाली नाही. माझ्या मुलीच्या लग्नात पंगत बसली होती, व्याही हात जोडून आग्रह करत फिरत होते, आणि साडू आपला पेला मांडवाच्या दिव्याकडे धरून बसले होते. व्याह्यांना वाटलं, पेला फुटका आला. ते लगबगीनं जवळ आले तेव्हा साडू गंभीरपणे म्हणाले, "पावणं, पोरगी चांगल्या घरात पडली, पर तुमचं पाणी अजून बसल्यालं न्हाय." व्याही अजूनही मला या वाक्याचा अर्थ विचारतात. संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला गेलं आणि पाण्यावर हिरवा रंग दिसला, की साडू भांडण झालेल्या भावाच्या दारावरून जावं तसे मान वळवून पुढे जात.

पण रंकाळ्यावर ते रोज जात, कारण आमच्या आक्कांना तिथं जायचं असे. आक्का म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोची मोठी बहीण. पदरात चुरमुरे बांधून जायचं, पायरीवर बसायचं आणि माशांना घालायचं, हा त्यांचा एकमेव शौक. पुढे गुडघे गेले आणि मंगळवार पेठेतल्या घराच्या मागच्या दारापर्यंत चालणं, एवढाच त्यांचा प्रवास उरला. साडू हळहळले नाहीत, समजूत घालत बसले नाहीत. त्यांनी घरामागच्या परड्यातला पेरू तोडला आणि तिथं आठ फूट बाय पाच फुटांचा हौद बांधला. आक्का रंकाळ्यापर्यंत जाऊ शकत नाहीत, तर रंकाळा इकडे आणायचा. फक्त स्वच्छ.

हौदाचं उद्घाटनही झालं. साडूंना ते नको होतं, पण गल्लीतल्या मंडळाला कशाचं तरी उद्घाटन करायचं होतंच. प्रभागातले एक पुढारी फीत कापायला आले. परड्यात शिरताना त्यांना पेरूच्या बुंध्याची ठेच लागली, तरीही त्यांनी पाणी, पर्यावरण आणि तरुण पिढी या विषयांवर वीस मिनिटं भाषण केलं. तरुण पिढी म्हणून तिथं माझी बायको होती, बावन्न वर्षांची. भाषण संपल्यावर सहा मासे सोडण्यात आले. साडूंनी आदल्या दिवशी हौदात ब्लीचिंग पावडर मोजून टाकली होती, शहराच्या पाण्याला टाकतात त्या हिशेबानं. संध्याकाळपर्यंत सहाही मासे उलटे झाले. पाणी मात्र पिण्यायोग्य होतं.

पुढचे नऊ मासे जगले. तांबडे, शेपट्या झुलवणारे, काहीसे सुस्त. ते जगले आणि त्यांच्याबरोबर शेवाळही जगलं. शेवाळाचा उल्लेख साडू नावानं करत नसत. "काल रातच्याला आलंय," एवढंच म्हणत. ऐकणाऱ्याला वाटावं बिबट्या येऊन गेला. औषधाला हात लावायचा नाही हे सहा माशांनी शिकवलं होतं, त्यामुळे उरले हात. रोज सकाळी धोतराचा काचा मारून ते हौदात उतरत आणि नारळाच्या काथ्यानं भिंती, तळ, कोपरे, सगळं घासून काढत. हातकणंगल्याच्या एका पाहुण्यानं सांगितलं, पाण्यात जोंधळ्याचा कडबा बांधून सोडा, शेवाळ धरत नाही. सोडला. शेवाळ धरलं, आणि गल्लीतल्या एका म्हशीनं परड्याचं दार ढकलून कडबा ओढून नेला. बायकोच्या भाच्यानं, जो शेतीशास्त्र शिकवतो, सरळ उपाय सांगितला. "मावसाप्पा, ऊन अडवा. वर जाळी टाका, न्हाईतर कमळं सोडा. पानांनी पाणी झाकलं की शेवाळ येत न्हाय."

साडूंनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू विचारत होते, शिकवणारे असे तर शिकणारे कसे. "पाणी झाकलं तर हिला मासं दिसायचं कसं?"

कारण हौदाची तपासणी आक्का करत. मागच्या दारात त्यांची खुर्ची, खुर्चीपासून चार पावलांवर हौद. हौदाच्या तळाशी साडूंनी न्हाणीघरातली एक पांढरी फरशी विटेवर तिरकी बसवली होती, खुर्चीकडे तोंड करून, आणि तिच्यावर काळ्या रंगानं एक फुली मारली होती. हौद घासून, पाणी बसवून झालं, की साडू ओले पाय घेऊन बाजूला उभे राहत आणि विचारत, "फुली दिसतीया का?" आक्का म्हणत, "दिसतीया." मग चहा. दिसत नाही म्हणाल्या तर पुन्हा काथ्या. नऊ-दहा वर्षं हा संवाद रोज झाला. मी दर रविवारी पेठ वडगावहून सकाळच्या एसटीनं त्यांच्याकडे जातो, म्हणजे मी एकट्यानंच तो चार-पाचशे वेळा ऐकला असेल. शिळ्या भाकरीचे तुकडे हौदात फेकत आक्का मधून विचारत, "काय वो, ह्यांना पिल्लं कवा व्हायची?" साडूंचं म्हणणं, दुकानदारानं फसवून सगळे नर दिले. आक्का म्हणत, "सगळं नर असतं तर एवढं गप ऱ्हायलं नसतं."

मग एका रविवारी मी पोचलो तेव्हा उन्हं वर आली होती आणि साडू अजून हौदातच होते. चहा झाला नव्हता. आक्का म्हणत होत्या, "न्हाय वो, धूर धरल्यागत दिसतंय." मी काठावर जाऊन पाहिलं. फुली स्वच्छ दिसत होती, फरशीला गेलेला तडासुद्धा दिसत होता. मी तसं सांगितलं.

"तुमी पावणं," साडू काथ्या पिळत म्हणाले, "तुमी चांगलंच म्हणणार की."

"अहो, पण तुम्हाला तरी दिसतेय ना?"

"मला दिसून काय करायचं? पाणी कुणासाठी हाय?" आणि मग त्यांनी मला त्यांच्या खात्यातला नियम सांगितला. त्यांच्या पहिल्या साहेबानं त्यांना तो घालून दिला होता आणि सगळी नोकरी त्यांनी तो पाळला होता. गढूळ पाणी आल्याची तक्रार घेऊन कुणी आलं, तर तुम्हाला नितळ दिसतंय म्हणून त्याला परत पाठवायचं नाही. "तक्रार करणाऱ्याचं डोळं बघायचं न्हाईत, पावणं. पाणी बघायचं."

मला तो नियम फार आवडला. घरी येऊन मी बायकोला कौतुकानं सांगितला. असे नियम पाळणारी माणसं आता राहिली नाहीत, वगैरे मीही बोललो. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

त्यानंतरचं वर्षभर साडूंनी तो हौद जितका घासला, तितकं देवळातलं भांडंही कुणी घासत नसेल. सकाळी घासत, दुपारी घासत. आक्कांना मासे नीट दिसेनात, म्हणून ते वर यावेत यासाठी त्या भाकरी जास्त टाकू लागल्या. भाकरी जास्त पडली की पाणी बिघडायचं, पाणी बिघडलं की शेवाळ वाढायचं, आणि शेवाळ वाढलं की साडू उतरायचे. भाकरी कमी टाक, हे मात्र ते एकदाही म्हणाले नाहीत. मी सुचवलं तर म्हणाले, "तेवढंच तिला येतंय आता. त्येबी बंद करू व्हय?" हिवाळ्यात त्यांच्या पायांना भेगा पडल्या, कंबर धरली, पण सकाळी प्रश्न ठरलेला, आणि उत्तर बहुतेक वेळा "न्हाय." एकदा मी पाहिलं, त्यांनी हौदातली फरशी काढून फुली पुन्हा रंगवली होती, आधीपेक्षा दुप्पट जाड.

खरं काय ते आमच्या आधी कावळ्यांना कळलं. एका रविवारी माझी बायकोही आली होती. ती परड्यात उभी राहून बराच वेळ बघत राहिली आणि मग मला म्हणाली, "हे कावळे हौदाच्या अलीकडे का बसलेत?" चार-पाच कावळे ओळीनं, खुर्ची आणि हौदाच्या मधल्या जमिनीवर, पंगतीला बसल्यासारखे. आक्कांनी भाकरीचा तुकडा फेकला. तो हौदाच्या हातभर अलीकडे पडला. दुसरा फेकला, तोही तिथंच. कावळ्यांना सवय झाली होती. साडू हौदात वाकून घासत होते, त्यांची पाठ आमच्याकडे होती.

दुसऱ्या दिवशी आक्कांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मी आणि साडू आत बसलो होतो. काचबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत, पुष्कळ पुढे गेलेला. यात गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टर म्हणाले. आहे तेवढी धरून ठेवायचा प्रयत्न करायचा, आणि आहे ती फार थोडी आहे. आधी आणलं असतं तर बरीचशी राहिली असती. साडूंनी विचारलं, "आधी म्हंजी कवा?" डॉक्टर म्हणाले, "दिसायला कमी आल्याचं यांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा."

परत येताना रिक्षात आक्का मध्ये आणि आम्ही दोघं दोन बाजूंना. शिवाजी पुतळ्यापाशी रिक्षा थांबली तेव्हा साडू बाहेर बघत म्हणाले, "ही सांगत हुती. रोज सांगत हुती. मीच पाणी घासत बसलो." आक्कांनी चाचपडत त्यांचा गुडघा शोधला आणि त्यावर थोपटलं. "असू द्या की. हौद तरी चकचकीत झाला," त्या म्हणाल्या. रिक्षावाल्यानं आरशातून आमच्याकडे पाहिलं.

थेंब घातले, गोळ्या झाल्या, एक शस्त्रक्रियाही झाली. वर्षभरात आक्कांना फक्त उजेड आणि अंधार एवढंच उरलं. मध्ये साडूंची पंचाहत्तरी आली. मंडळ समारंभ करणार होतं, त्याच पुढाऱ्यांना बोलावणार होतं; साडूंनी दारातूनच नको म्हणून सांगितलं. त्या काळात मी जात होतो, पण परड्यात जायचं टाळत होतो. पुढच्या खोलीतच चहा घेऊन निघायचो.

गेल्या श्रावणात मात्र जावं लागलं, कारण दोघं परड्यातच होती. खुर्ची आता चार पावलं पुढे, थेट हौदाच्या काठाला लावली होती, आणि शेजारी पाटावर साडू. मी हौदात पाहिलं आणि जागीच थांबलो. पाणी हिरवंगार होतं. भिंतींवर बोटभर शेवाळ लोंबत होतं. फुली तर सोडाच, मासेही दिसत नव्हते. आणि साडू त्या पाण्याकडे बघत, नेहमीच्या आवाजात सांगत होते, "आज तर तळ असा दिसतोय बघ, आरशागत. फुली कशी, परटानं धुतल्याल्या सदऱ्यावर डाग ऱ्हावा तशी. मोठा तांबडा तिच्यावरनंच चाललाय."

"पावणं आल्यात न्हवं?" आक्का म्हणाल्या. "पावणं, फुली दिसतीया का?"

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी "दिसतेय" म्हणालो. बारा वर्षांत त्यांनी माझी साक्ष पहिल्यांदाच ग्राह्य धरली.

नंतर साडू चहा टाकायला आत गेले तेव्हा मी मागोमाग जाऊन विचारलं, घासणं का सोडलं. ते दूध शोधत होते. "मी तिकडं घासत बसलो की ही हिकडं एकलीच बसती. दिसत हुतं तवा ठीक हुतं. आता बोलाय लागतंय तिच्यासंगं." दुधाचं पातेलं खाली घेत म्हणाले, "तिला सांगू नगा."

परड्यात परत आलो तर आक्का भाकरीचा तुकडा चिमटीत धरून हात पाण्यात बुडवून बसल्या होत्या. आता त्या फेकत नाहीत. मासे येऊन बोटांतून नेतात. हात बाहेर काढला तेव्हा बोटांना हिरवा बुळबुळीत थर होता. त्यांनी अंगठ्यानं तो चोळून पाहिला, बराच वेळ, पीठ नीट मळलंय का पाहावं तसा. मग पदराला पुसला. "चांगलं हाय पाणी," त्या म्हणाल्या. "लई जपतात."



मागच्या रविवारी साडू आत असताना आक्कांनी मला जवळ बोलावलं. "पावणं, ह्ये म्हणत्यात पिल्लं झाल्यात. पाण्याचं मी ऐकून घेते, पर ह्ये जरा जास्तच झालं. खरं सांगा."

मी काठावर उकिडवा बसलो आणि चष्मा पुसून शेवाळात बघत राहिलो. काही वेळानं त्यात काहीतरी हललं. तांदळाएवढी, काळसर, पुष्कळ. मी त्यांना सांगितलं, हायत. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी खुर्चीतून वाकून हात पाण्यात सोडला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला.

वडगावची एसटी पकडण्याआधी मी त्या मासेवाल्या दुकानदाराकडे चौकशी केली. तो म्हणाला, माशांत नर-मादी पहिल्यापासून दोन्ही होते. या जातीची अंडी कशाला तरी चिकटून राहावी लागतात, आणि शेवाळ त्याला सगळ्यात चांगलं.