अण्णांचं काळं अक्षर

"माले आते अक्षर दिखत नही. पोरले सांगू नको. मन्हं दुकान जाई."

लग्नाला पंधराच दिवस झाले होते. सासरे, म्हणजे अण्णा, ओट्याशी सासूबाईंना हे सांगत होते आणि पडद्याआड मी कपड्यांच्या घड्या घालत होते. पोर म्हणजे प्रशांत, माझा नवरा. मी घडी मोडली, परत घातली.

नवागामात आमचं छपाईचं दुकान आहे; मीही तिथे मदतीला जाऊ लागले. छपाईच्या दुकानात किस्से रद्दीसारखे साठतात. फरक एवढाच, की हे कुणी किलोवर नेत नाही. नियम एकच: प्रूफवर अण्णांनी 'ओके' लिहिल्याशिवाय मशीन सुरू होत नाही!

अण्णांचं लाडकं अक्षर 'ओल्ड इंग्लिश'. इंग्रजी पेपरांच्या माथ्यावर असतं तसं, जाड, टोकदार, काळंकुट्ट. एका गुजराती साडीवाल्या शेठनं बॉक्सचं लेबल फिरवून फिरवून पाहिलं.

"अण्णा, आ तो वंचातुं नथी!"

"शेठ, वाचता आलं की माल लोकल वाटतो."

शेठनं ऑर्डर दुप्पट केली!

बमरोलीचा एक लूमवाला हातावर गोंदवायला बायकोचं नाव ह्याच अक्षरात काढून घेऊन गेला. आठवड्यानं बायकोच आली.

"भाऊ, ही कोण बाई?"

प्रशांतनं एकेक अक्षर लावून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "बरं. मग आता रोज घरी वाचायला येणार का?"

शिवणक्लासच्या मॅडम सर्टिफिकेट बघून कुरकुरल्या, "मुलींची नावंच लागत नाहीत हो."

"मॅडम, सर्टिफिकेट भिंतीवर लावतात. वाचतं कोण?"

मॅडम हसल्या. अण्णांनी झोकात 'ओके' लिहिलं. पेनचं टोपण काढायचं राहिलं होतं. कागदावर नुसता ओरखडा. मी त्यावरून गुपचूप गिरवलं.

त्या दिवशी मला कळलं, अण्णांना हेच अक्षर का आवडतं. ते कुणालाच धड वाचता येत नाही. त्यात अण्णा एकटे पडत नाहीत.

गेल्या महिन्यात एक शोकपत्रिका छापायला आली. अण्णांनी तीही ह्याच अक्षरात लावायला सांगितली. थोरला भाऊ गेलेला, धाकटा बोलावणारा. प्रशांतनं घाईत दोघांची नावं अदलाबदल केली. अण्णांनी प्रूफ उजेडाकडे धरलं, नाकाजवळ नेलं. "ओके."

पत्रिका न्यायला धाकटा आला. बोट ठेवून ठेवून वाचलं.

"अण्णा, हे तर माझं बारावं ठेवलंय. दादाचं कधी मग?"

प्रशांत वळला. "अण्णा, ओके तुम्हीच दिलंत ना? दिसत नाही का तुम्हाला?"

अण्णांनी पत्रिका परत उजेडाकडे धरली. सासूबाई जेवणाचा डबा घेऊन दारातच थबकल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

लग्नानंतरच्या तीन महिन्यांत दुकानात पहिल्यांदा माझा आवाज निघाला.

"ह्या अक्षरात कुणालाच दिसत नाही. उद्यापासून प्रत्येक प्रूफ मी अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवणार. ओके अण्णाच देणार."