शिंदेच्या अ‍ॅम्बॅसिडरचा गियर

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. जुन्या गाडीचा नाद लागला, की ते मडगार्डखालच्या चिखलासारखे आपोआप साचतात. आमच्याकडे तर गाडी एक आणि नादिष्ट तिघे: रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेला शिंदे, कॉलेजात शिकवून थकलेले देशपांडे सर आणि मी. गाडी शिंदेच्या आईंची. अगदी पहिल्या मॉडेलची अ‍ॅम्बॅसिडर, प्रतापनगरला पत्र्याच्या शेडमध्ये वीस वर्षं बसून होती.

दिवाळीनंतर आईंना थोरला मुलगा पुण्याला नेणार होता, कायमचं. "जायच्या आधी कॉलनीत एक फेरी मी मारणार, माझ्या गाडीतून," असं त्यांनी शिंदेला बजावलं होतं. मी म्हटलं, झालंच समजा.

*

पार्ट शोधायला आम्ही दर रविवारी रसूलभाईंच्या भंगार यार्डात जायचो. त्यांचा कायदा एकच. जुना पार्ट नमुना म्हणून दाखवायचा, तरच ते दुसरा काढून देणार. "नमुनो लाव्या छो?" हे त्यांचं केम छो.

देशपांडे सर कार्बोरेटर घेऊन गेले, तो ढिगावर ठेवला आणि शोधायला लागले. दीड तासाने हुबेहूब तसाच सापडला. सरांनी घासाघीस करून तो घेतला आणि रिक्षाभर मला त्याची फिनिश दाखवत आले. घरी शिंदेने उलटा केला, तर खाली आमच्या नमुन्यावर त्यानेच केलेली निळ्या रंगाची खूण!

"कंडिशन मात्र फर्स्ट क्लास आहे," सर म्हणाले.

*

हेडलाइटची रिंग मी एकट्याने शोधून आणली. बायकोने एकदा बघितलं आणि हे बंबाचं कडं आहे म्हणाली. बायकांना गाड्यांतलं काय कळतं, असं मी मनात म्हटलं. खरोखरच बंबाचं निघालं. पण बसवलं आणि चपखल बसलं! आजही लोक विचारतात, ओरिजिनल कुठे मिळाली?

*

शिंदेला भंगारातल्या गाडीत बसून दार लावून बघायची खोड. एकदा लावलं आणि आतून हँडलच नाही. काचेवर धपाधप मारत तो हँडल, हँडल म्हणून ओरडायला लागला. रसूलभाई शांतपणे आले, वाकले आणि त्यांनी नमुना मागितला.

*

शेवटी सगळं जुळलं, फक्त गियरचा दांडा राहिला. या मॉडेलला तो स्टिअरिंगपाशी असतो. आमचा कुठल्याशा मेकॅनिकने हरवलेला, त्यामुळे नमुनाच नाही. यार्डात मागे ताडपत्रीखाली अगदी तशीच गाडी उभी होती, पण ती रसूलभाईंच्या वडिलांची. तिचा ते स्क्रूसुद्धा देत नसत. शिंदेने तीनदा हात जोडले. दिवाळी आठवड्यावर आली.

त्या रविवारी आई स्वतः रिक्षाने यार्डात आल्या. रसूलभाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सवयीने नमुना विचारला.

"आहे ना," आई म्हणाल्या.

त्या खुर्चीत ताठ बसल्या. उजवा हात हवेतल्या स्टिअरिंगवर ठेवला, डावा पाय दाबला आणि डाव्या हाताने पहिला गियर टाकला. दुसऱ्याला हात मध्येच थांबवला, जरासा स्वतःकडे ओढला, मग टाकला.

रसूलभाईंनी दुसऱ्या गियरचंच विचारलं.

"बा, बीजामां अटके छे?"

"कायम. जरा खेंचवो पडे."

"मारा बापुनी गाडीमां पण," रसूलभाई म्हणाले, आणि ताडपत्रीच्या दोऱ्या सोडायला लागले.